सरकारी संकेतस्थळांची अक्षरे आधी वाचता येऊ द्या

महोदय,

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी, हे कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ असते. पण रोजच्या पाणीपातळीचे तक्ते सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून संकेतस्थळावर चढवायची सरकारी सवय काही जात नाही. मोबाइलवर तो कागद बोटांनी ताणला की आकडा दिसतो, मात्र बंधाऱ्याचे नाव डावीकडे पडद्याबाहेर गेलेले असते. अंध व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) तर तिथे नुसते चित्र सापडते, वाचायला काहीच नाही. बंधारा, पातळी, वेळ असे तीन रकाने साध्या मजकुरात द्यावेत, सहीची पीडीएफ हवी तर खाली जोडावी. लाल ठिपक्याशेजारी ‘धोका’ हा शब्दही हवा, कारण लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्याला दोन्ही ठिपके सारखेच मातकट दिसतात.

दुसरी गोष्ट केशरी पट्टीची. संकेतस्थळांवर ध्वजाचा म्हणून वापरला जाणारा नेहमीचा केशरी आणि त्यावरची पांढरी अक्षरे यांच्या उजळपणाचे गुणोत्तर जेमतेम २.१ ला १ भरते. जागतिक निकष साध्या मजकुराला ४.५ ला १ आणि मोठ्या मथळ्याला ३ ला १ मागतो. म्हणजे मथळासुद्धा नापास. उन्हात बांधावर उभे राहून फोन पाहणाऱ्याला ती पट्टी कोरीच दिसणार. त्याच केशरीवर काळी अक्षरे घेतली तर गुणोत्तर ९.८ च्या पुढे जाते. पट्टी तशीच राहते, खर्च शून्य.

इंग्रजीसाठी बेतलेल्या साच्यात मराठी मजकूर ओतला की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. मजकूर १८ पिक्सेलच्या आसपास आणि ओळींमधले अंतर अक्षराच्या निदान दीडपट ठेवावे. दोन अक्षरांमध्ये जादा मोकळी जागा अजिबात नको, तिने शिरोरेषाच तुटते. लिंकखालची रेघ थोडी खाली सरकवावी, नाहीतर ‘कृषी’मधला ऋकार तिच्यात बुडतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर तर शोधात सापडत नाही, आणि कॉपी केला की रोमन अक्षरांचा काला हाती येतो. तो बदलून घ्यावाच लागेल. शिवाय पानाची भाषा मराठी आहे अशी कोडमध्ये नोंद हवी, म्हणजे स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो.

अर्जांत रकान्याचे नाव रकान्याच्या आतच फिकट अक्षरांत लिहिलेले असते आणि टाइप करू लागले की गायब होते. ते रकान्याच्या वर, कायम दिसेल असे असावे. चौकट नुसती लाल करून भागत नाही, ‘गट क्रमांक १२३/१अ असा लिहा’ असे शब्दांत सांगावे लागते. माथ्यावरची ‘अ+ अ अ-’ ही बटणे मात्र बहुतांशी शोभेची. ज्याला गरज असते तो फोनमध्येच अक्षरे मोठी करून ठेवतो, आणि तेव्हाच मांडणी कोसळते.

नियम नाहीत असे नाही. केंद्राची सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, आणि दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. घोडे अडते ते कार्यादेशात. तिथे ‘आकर्षक’ असे लिहिले जाते, आणि आकर्षक म्हणजे किती हे मोजणार कसे? ४.५ ला १ मोजता येते. कंत्राटदाराचे बिल मंजूर करण्याआधी संबंधित लिपिकानेच अर्धा तास काढावा: फोन कृष्णधवल करून पान पाहावे, अक्षरे दुप्पट करावीत, माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कळीने फिरावे (आपण कुठे आहोत हे दिसते का?), आणि टॉकबॅक (अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर) लावून एक अर्ज शेवटपर्यंत भरावा. जिथे अडेल ते पान परत पाठवावे. पुढच्या पावसाळ्याआधी निदान पाणीपातळीच्या पानापासून सुरुवात व्हावी.

— वेब डिझाइन क्षेत्रातील एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर