आधी जुनं विमान तरी नीट करा

संपादक महोदय,

रोज रात्री जेवण झालं की मी कॉम्प्युटरवर विमान उडवतो, बायको विचारते याचा पगार कोण देतं. असो. 2020 साली मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर हा विमान उडवण्याचा गेम आला आणि आम्हा लोकांना अपडेटचं व्यसनच लागलं. त्यातलं एअरबस ए320 निओ फ्लायबायवायर नावाच्या ग्रुपमधल्या हौशी मंडळींनी फुकटात इतकं सुधारलं की आता गेमसाठी विमानं बनवून पैसे घेणाऱ्यांकडून त्याहून जास्त हवं असतं, आणि तेही लगेच. मीही गेमसाठी असं एक विमान विकत घेतलं, कंपनीचं नाव नको, मुंबईला रनवे 27 वर उतरताना ऑटोपायलट ग्लाइडस्लोप, म्हणजे खाली उतरायची उतरती वाट दाखवणारा रेडिओ सिग्नल, पकडतच नाही, विमान आपलं वरच्या वर तरंगतंय आणि शेवटी गो-अराउंड, म्हणजे न उतरताच परत वर. आठ महिने झाले, उत्तर एकच, "लवकरच". चीड येते हो. पण म्हणून विमान बनवणाऱ्या डेव्हलपरला आईबहिणीवरून शिव्या घालायच्या? मूळ गेमचा अपडेट आला की कधीकधी चांगलं चालणारं विमानही बिघडतं, त्यांना परत सगळं तपासत बसावं लागतं. फक्त एक करा राव, नवीन रंगाची विमानं विकायच्या आधी जुनं दुरुस्त करा आणि तारीख ठरली नसेल तर तसं सरळ सांगून टाका.

— एक वाचक, पुणे