पाळी चुकली म्हणून पिशवी काढायची?

महोदय,

मी बार्शी तालुक्यातली. बावीस वर्षं ब्लाउज शिवते. वय ४४. गेल्या वर्षी वटपौर्णिमेनंतर चार महिने पाळीच आली नाही. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय, तरी दोनदा घरी तपासलं. एकच रेघ आली. शेजारणी म्हणाल्या, आता जायचंच वय. मग दिवाळीत जे अंगावर जायला लागलं ते अठरा दिवस थांबेना. मशीनवरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी.

खासगी दवाखान्यात सोनोग्राफी केली. गर्भाशयाचं अस्तर १७ मिलिमीटर, म्हणजे जाड निघालं. डॉक्टर म्हणाले, "दोन मुलं झालीत ना? मग पिशवी ठेवून काय करायचंय? पुढं कॅन्सर होईल." लगेच सोमवारची तारीख दिली. रक्त तपासलं नाही, अस्तराचा नमुना घेतला नाही. यांनी पतसंस्थेत कर्जाची चौकशी केली आणि मीही भीतीपोटी हो म्हणून बसले होते.

अडवलं ते नणंदेने. ती सोलापूरला नर्स आहे, तिने सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी दिवस गेले नाहीत याची खात्री केली, मग रक्त घेतलं. हिमोग्लोबिन ८.२, म्हणजे कमी; थायरॉइडचं टीएसएच १४, म्हणजे थायरॉइड मंदावलेलं. बारीक नळीने अस्तराचा नमुना घेतला. पोटात जोराची कळ आली खरी, पण त्याच दिवशी घरी आले. बाईंनी जे समजावलं ते मला एवढ्या वयात कोणी सांगितलं नव्हतं. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार होत नाही. इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन मात्र अस्तर वाढवतच राहतं. महिन्याच्या महिन्याला ते गळून पडत नाही, आणि शेवटी जागोजागी उसवत जातं. उसवणं म्हटल्यावर मला लगेच कळलं.

नमुन्यात कॅन्सर नव्हता, वाईट पेशीही नव्हत्या. निघाल्या असत्या तर ऑपरेशनला माझी ना नव्हती. थायरॉइडची आणि लोहाची गोळी, शिवाय दर महिन्याला बारा दिवस प्रोजेस्टेरॉन एवढ्यावर सहा महिन्यांत अस्तर ६ मिलिमीटरवर आलं.

बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. मग तिथे खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. आमच्याकडच्या बायकांनाही अशी कोणीतरी विचारणारी जागा हवी. निदान रक्त तपासलं का, नमुना घेतला का, गोळ्या देऊन पाहिल्या का, एवढं तरी तारीख देण्याआधी डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यावं. आरोग्य खात्याने हे बघावं आणि आपल्या पत्रानेही विचारत राहावं, ही विनंती.

माझ्याकडे माप द्यायला येणाऱ्यांत पिशवी काढलेल्या बायका मी मोजल्या. अकरा निघाल्या. त्यातल्या चौघी चाळिशीच्या आतल्या. आधी नमुना घेतला होता का, असं प्रत्येकीला विचारलं. एकीनेही हो म्हटलं नाही.

आपली,
एक वाचक, बार्शी तालुका
(कृपया नाव छापू नये)