हो की नाही, एवढंच सांग

क्वालालंपूर, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "बडोद्याचा नवा रस्ता झाला का? हो की नाही, एवढंच सांग." मामांकडे आठ दिवस राहून आले तरी मला ते एका शब्दात सांगता येईना, म्हणून पत्र.

एका सकाळी मामांनी दांडिया बाजारातून गाडी काढली. "चल, भरूचपर्यंत आंटो मारून येऊ." (त्यांचं मराठी आता निम्मं गुजराती झालंय.) दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा हा 87 किलोमीटरचा तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये खुला झाला. आठ पदरी, आणि मधे ऐसपैस मोकळा पट्टा. पुढे बारा पदरी करायचा झाला तर पुन्हा कुणाची शेतं घ्यायला नकोत, म्हणून तो आधीच सोडलाय. गाडी अशी चालली की मामा चक्क गप्प बसले. भरूचला उतरलो आणि पुन्हा जुन्या हायवेवर ट्रकांच्या मागे. सगळी मजा तिथे संपली.

आपल्याकडे समृद्धीचंही तेच झालं ना? डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-शिर्डी, मग आपल्या सिन्नरवरून भरवीर, मग इगतपुरी आणि शेवटी जून 2025 मध्ये आमणे. पण समृद्धी निदान एका टोकाकडून सरळ पुढे सरकत आली. दिल्लीच्या रस्त्याची मात्र गोधडी आहे. आधी दिल्ली-दौसा-लालसोट हा 246 किलोमीटरचा तुकडा, मग मध्य प्रदेशातला, मग आमचा बडोद्याचा. प्रत्येक टप्प्याचा ठेकेदार वेगळा, जमिनीची कामं वेगळी. जिथे दोन्ही टोकं जुन्या रस्त्याला जोडता येतात तो तुकडा आधी उघडतात. बडोदा-अहमदाबादचा 93 किलोमीटरचा जुना एक्स्प्रेसवेसुद्धा आधी नडियादपर्यंतच झाला होता, असं मामा सांगतात.

इथे मलेशियात थायलंडच्या सीमेपासून जोहोर बाहरूपर्यंतचा महामार्ग आहे, 772 किलोमीटरचा. तो ऐंशीच्या दशकात सरकारने सुरू केला, 1988 मध्ये टोलसकट एका कंपनीकडे दिला आणि सलग व्हायला 1994 उजाडलं. मी त्यावरून दर महिन्याला इपोहला जाते, पण कुठे कुठला तुकडा जोडलाय ते आता काही कळत नाही.

आई, पादऱ्याच्या मामांच्या शेताची एक पट्टी रस्त्यात गेली, ते तुला ठाऊकच आहे. मोबदला मिळाला. पण रस्ता बांधाला लागून असला तरी त्यावर चढायचं तर पार इंटरचेंजपर्यंत जावं लागतं, आणि ट्रॅक्टरला तर बंदीच. पलीकडच्या वाफ्यात जायला खालून बोगदा ठेवलाय, त्यात पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं. मामा तिथे उभे राहून वरून जाणाऱ्या गाड्या मोजत होते. मामीने दोनदा हाक मारली तेव्हा कुठे हलले.

तर बाबा, दिवाळीत निघाल तेव्हा सापुताऱ्यावरून सुरत, तिथून जुन्या हायवेने नर्मदा ओलांडा आणि भरूचला नव्या रस्त्यावर चढा. फास्टॅगमध्ये पैसे आधीच भरून ठेवा. वाटेत फार खाऊ नका, मामी शेवउसळ करणार आहे.

तुमची,
धाकटी