शून्याची किंमत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अर्थविषयक पानावरचा बॅलन्स ट्रान्सफरचा, म्हणजे एका क्रेडिट कार्डावरची थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर वळती करण्याचा तक्ता पाहिला. छान रंगीत होता. पाच कार्डे, पाच रांगा, 'शून्य व्याजाचे महिने' ठळक अक्षरांत आणि पहिल्या कार्डासमोर हिरवी बरोबरची खूण. प्रक्रिया शुल्काचा रकाना नव्हता, जीएसटीचा नव्हता, मुदत संपल्यावर व्याज किती तेही नव्हते. जागा कमी पडली असेल. बाजूला तरुणीच्या हसऱ्या फोटोला मात्र तीन कॉलम मिळाले.

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, तरी गेल्या वर्षी याच शून्याला भुललो. तेव्हा पुढचे बोलणे थोडे खारट लागले तर समजून घ्यावे.

एका कार्डावर माझे ८०,००० रुपये थकले होते. कसे थकले ते विचारू नका. महिना साडेतीन टक्के, म्हणजे २,८०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्क्यांनी ५०४ रुपये जीएसटी. दुसऱ्या एका बँकेने फोन करून सांगितले, 'सर, पूर्ण रक्कम आमच्याकडे घ्या, सहा महिने झिरो परसेंट.' घेतली. पहिल्याच बिलात ३ टक्के प्रक्रिया शुल्क, २,४०० रुपये, वर जीएसटी ४३२. एकूण २,८३२.

हे ऑफरच्या कागदावर होते, मी वाचलेही होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता तुमच्या लेखकाने न केलेला हिशेब मी करून दाखवतो. ८०,००० सहा समान हप्त्यांत फेडले, तर सगळी रक्कम सहा महिने माझ्याकडे राहत नाही, दर महिन्याला कमी होत जाते. त्या उतरत्या शिलकीवर २,८३२ रुपये बसवले तर वर्षाला साधारण बारा टक्के पडतात. शून्य नव्हे, बारा. २ टक्के शुल्क घेऊन तीनच महिने देणारे दुसरे एक कार्ड होते. तिथे शुल्क कमी दिसते, पण असाच हिशेब केला तर दर चौदा टक्क्यांच्या वर जातो. शुल्क आणि मुदत शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय दोन ऑफरची तुलना होतच नाही. तुमच्या तक्त्यात नेमके तेच नव्हते.

खोटे कशाला बोलू, माझा फायदा झाला. जुन्या कार्डावरच सहा महिन्यांत फेडले असते तर व्याज आणि जीएसटी मिळून साडेअकरा हजार गेले असते. पावणेनऊ हजार वाचले. मग कुरकुर कसली? सव्वीस रुपयांची.

झाले असे, की त्याच नव्या कार्डावर मी सासूबाईंची औषधे घेतली. ६४० रुपये. सवयीप्रमाणे कार्ड पुढे केले, बिल आले की भरू म्हटले. बिलात औषधांच्या रकमेखाली एक ओळ होती, व्याज २२ रुपये ९ पैसे. त्याखाली जीएसटी ३ रुपये ९८ पैसे. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. अजून देय तारीखही उलटली नव्हती, मग व्याज कसले? बायकोने औषधाच्या दुकानाची पावती आणून बिलाशेजारी ठेवली, कॅलेंडरवर बोटाने दिवस मोजले आणि म्हणाली, 'घेतल्या दिवसापासून लावलंय. तीस दिवस.' ती पावती तिने फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली आहे. अजून आहे. मी कार्ड काढून कुठे निघालो की ती नुसती तिकडे बघते.

कस्टमर केअरच्या मुलाने अत्यंत गोड आवाजात समजावले, 'सर, ट्रान्सफरची रक्कम बाकी आहे ना, म्हणून नवीन खरेदीला इंटरेस्ट-फ्री पिरियड लागू होत नाही.'
'पण शून्य टक्के म्हणाला होतात.'
'ते ट्रान्सफर अमाउंटवर, सर. खरेदीवर नाही.'

म्हणजे ज्या ऐंशी हजारांना व्याज नाही, तेच ऐंशी हजार माझ्या ६४० रुपयांना व्याज लावायला कारण झाले! यालाच आपल्याकडे आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात. मी वाद घालायला लागलो तेव्हा तो म्हणाला, 'सर, हे सव्वीस रुपये आम्ही रिव्हर्स करतो, वन टाइम.' मी विचारले, नियमाने की मेहेरबानीने? त्यावर त्याने मला सात मिनिटे सनईवर ठेवले आणि फोन कट झाला. रुपये परत आले. उत्तर आले नाही.

अट छापलेली होती, हे मी नंतर शोधून काढले. 'महत्त्वाच्या अटी व शर्ती' या नावाच्या पत्रकात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. तेव्हा तुमच्या वाचकांपैकी कोणी असले कार्ड घेणार असेल, तर ट्रान्सफर फिटेपर्यंत त्यावर काडेपेटीसुद्धा घेऊ नये. कालच्या लेखात काय सल्ला होता? 'नव्या कार्डाचा नियमित वापर करून रिवॉर्ड पॉइंट्सचाही लाभ घ्या.' वा!

आणखी एक खाच. जुन्या कार्डाचे सगळे फिटले म्हणून मी निर्धास्त होतो, तर महिन्याभराने त्याचेही बिल आले. शेवटचे बिल निघाल्यापासून रक्कम वळती होईपर्यंत नऊ दिवस गेले होते. त्या नऊ दिवसांचे व्याज ८२८ रुपये ४९ पैसे, जीएसटी वेगळा. ते भरले आणि कार्ड बंद करा म्हणून मेल टाकला. ऑफर, अपग्रेड, वार्षिक फी माफ, सगळे देऊ करून झाले, कार्ड काही बंद होईना. मग दुसऱ्या मेलमध्ये रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश लिहिले. बाकी काही नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. दुसऱ्याच दिवशी बंद झाले.

रिझर्व्ह बँकेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही, व्याज प्रक्रिया शुल्काच्या आड लपवून ग्राहकाकडूनच वसूल होते, हे तिने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. तेव्हा विषय शून्य टक्के ईएमआयचा होता, पण दुखणे तेच. २०२२ च्या निर्देशांनीही व्याज असलेल्या ईएमआयला 'नो-कॉस्ट'चा मुखवटा चढवायला मनाई केली. एवढे सगळे उघड पडलेले असताना आपल्या अर्थविषयक पानावर २०२५ नंतरही 'शून्य' कुठल्याही टीपेशिवाय छापले जाते, याचे नवल वाटते. मुदत संपल्यावर काय होते हे तर लेखात नावालाही नाही. ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डाच्या थकबाकीवरील व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. चाळीस-बेचाळीस टक्के बिनघोर लावता येतात. सातव्या महिन्यात शिल्लक राहिली तर त्या दराने.

मला राहून राहून शंका येते, की लेख परदेशी मजकुरावरून बेतलेला असावा. '१८ ते २१ महिने शून्य व्याज' असे त्यात दोनदा आले आहे. तशा ऑफर अमेरिकेत असतात. आपल्याकडे शून्याची मुदत मला दोन-तीन महिने, फार तर सहा अशीच पाहायला मिळाली, त्यापुढे कमी दराचे हप्ते सुरू होतात. शिवाय अमेरिकेत २००९ च्या कायद्याने किमान रकमेपेक्षा जास्त भरलेले पैसे आधी सर्वांत महाग व्याजाच्या बाकीत जमा करावे लागतात. आपल्या कार्डाच्या अटींत पैसे कोणत्या क्रमाने वळते होतात ते कोणी पाहिले? मी पाहिले. माझ्या कार्डात खरेदीचा नंबर सर्वांत शेवटचा होता, म्हणजे जिला व्याज लागते तीच शेवटी फिटायची.

आणि हो, ज्या कार्डाला आत हिरवी खूण मिळाली, त्याच कार्डाची जाहिरात कालच्या अंकाच्या पहिल्या दोन पानांवर होती. योगायोग असेल. पण ती दोन पाने उलटून खऱ्या पहिल्या पानावर पोहोचेपर्यंत चहा निवतो, याचा कधीतरी विचार व्हावा. वर्गणी आम्ही बातम्यांची भरतो. जाहिरातीतल्या शून्याच्या डोक्यावर 'अटी लागू'वाली एक इवलीशी चांदणी होती, ती मात्र मी ओळखली. आता ओळख पक्की झाली आहे.

पत्र छापताना काटछाट करावी लागली तर रिझर्व्ह बँकेचा भाग ठेवावा, सासूबाईंचा काढला तरी चालेल. त्या हे पान वाचतात.

आपला,
एक जुना वर्गणीदार

ता. क. : कालच्या शब्दकोड्यात १४ आडव्याला चौकटी चार आहेत आणि आज छापलेले उत्तर तीन अक्षरी आहे.