किल्ली सध्या माझ्याकडेच राहू दे

जून २०२०

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "ऑफिसला कुलूप आणि पगार चालू. मग काम करतंय कोण? किल्ली पाठव, मी जाऊन बसतो." तेव्हा मला बोलता आलं नाही, घसा दाटून आला होता. बाबा, तुमचं वय, त्यात मधुमेह. कोरोनाचा हा आजार अशा माणसांना जास्त जड जातो, हे डॉक्टर कळवळून सांगताहेत. तेव्हा किल्ली मी देणार नाही. पण काम कोण करतंय हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने ही जागतिक महासाथ असल्याचं जाहीर केलं, आणि त्याच रात्री मी ठरवलं की आपली पंधरा माणसं एका बंद खोलीत बसवायची नाहीत. पण आपले सगळे हिशेब ऑफिसातल्या एका सर्व्हरवर, आणि लॅपटॉप चारच. बाकीच्यांनी डेस्कटॉप घरी नेले. मॉनिटर चादरीत गुंडाळले, वायरींना नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. तुमच्या वेळचे हेडक्लार्क काका कीबोर्ड छातीशी धरून एकेक पायरी जपून उतरत होते, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

घरून त्या सर्व्हरपर्यंत पोचायचं कसं, हा खरा पेच होता. एका जाणकाराने सुचवलं, रिमोट डेस्कटॉप, म्हणजे घरून ऑफिसातला कॉम्प्युटर चालवायची सोय, थेट इंटरनेटवर उघडा करा, अर्ध्या तासात काम सुरू. मी जवळजवळ 'हो' म्हणाले होते. मग कळलं की असं उघडं दार शोधत फिरणाऱ्या टोळ्याच असतात. पासवर्ड फोडून आत शिरतात, सगळ्या फायली गोठवतात आणि त्या सोडवायला खंडणी मागतात. लोकांनी तुमच्याकडे बघून आपल्याकडे हिशेब सोपवलेत, ते असे रस्त्यावर ठेवायला माझा हात धजेना. चार दिवस गेले, पण व्हीपीएन बसवून घेतलं. प्रत्येकाच्या घरापासून सर्व्हरपर्यंत जणू एक बंद नळी. आतून काय जातंय ते बाहेरच्याला वाचता येत नाही. पासवर्डनंतर मोबाइलवर आलेला आकडाही टाकावा लागतो. एका वेळी आठच जणांना आत शिरता येत होतं, म्हणून पहिले तीन आठवडे दोन पाळ्या लावल्या. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी आपणहून पहाटेची पाळी मागून घेतली.

एप्रिलमध्ये आपल्या ऑफिसातल्या एका मुलीला माझ्या नावाने एक खोटी मेल आली. एका पुरवठादाराचं बँक खातं बदललंय, पैसे आजच भरा. भाषा अगदी माझ्यासारखी. मी ऑफिसात असते तर त्या मुलीने मान वळवून मला विचारलं असतं. तिने फोन केला म्हणून वाचलो. आता खातं बदलल्याचा निरोप आला की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही हलत नाही.

आता माझी चूक सांगते. सुरुवातीला मी दिवसातून तीनदा सगळ्यांना व्हिडिओवर बोलवत होते. समोर चेहरे दिसले की काम चाललंय असं वाटायचं. दोन आठवड्यांनी काकाच म्हणाले, "ताई, तुम्ही आम्हाला बघताय, पण काम कुठे बघताय?" मला फार लागलं, कारण ते खरं होतं. आणि मग बाबा, तुमची ती लाल वही आठवली. संध्याकाळी ऑफिस बंद करण्याआधी तुम्ही त्यात लिहायचात: कुणाचं काय झालं, काय राहिलं, कशामुळे अडलं. तीच वही मी सगळ्यांना दिसेल अशा शीटवर उतरवली. रकानेसुद्धा तेच ठेवले. आता सकाळी पंधरा मिनिटं बोलतो, बाकी सगळं वहीत. टेबलापलीकडून विचारायचे ते प्रश्न, 'ही नोंद कुठे टाकू' वगैरे, तेही तिथेच लिहितात. उत्तर एकदा लिहिलं की पुढच्या माणसाला पुन्हा विचारावं लागत नाही. मार्चअखेरचे ताळेबंद उशिरा गेले, ते मी लपवत नाही. मे महिन्याचं काम मात्र वेळेत झालं.

आई, तू ऑफिसात आलीस की नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायचीस कुणाचं घरी बिनसलंय. ते पडद्यावर मला जमत नाही. फेब्रुवारीत लागलेला एक मुलगा एका खोलीत चौघांबरोबर राहतो आणि जिन्यात बसून काम करत होता. हे मला महिन्याने कळलं! त्याला ऑफिसातली खुर्ची पाठवली आणि त्याची वेळ बदलली. तेव्हापासून रोज दोघांना मी फोन करते, आणि त्या फोनवर कामाचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय. तू असतीस तर काय विचारलं असतंस, तेच विचारते.

बाबा, घरून काम करण्याला तुम्ही नवीन खूळ म्हणालात. पण जॅक नायल्स नावाच्या अमेरिकी माणसाने यासाठी 'टेलिकम्युटिंग' हा शब्द १९७३ मध्येच काढला होता, आपली फर्म सुरू व्हायच्या कितीतरी आधी. माणसांनी रोज गर्दीतून कामाकडे जाण्यापेक्षा काम त्यांच्याकडे जावं, असं त्याचं म्हणणं होतं.

एक काम तुमच्याशिवाय अडलंय. जुन्या ग्राहकांशी तोंडी ठरलेल्या कितीतरी गोष्टी फक्त तुमच्या डोक्यात आहेत. कुणाला किती मुदत, कुणाचे कागद कुणाच्या हाती द्यायचे. रोज संध्याकाळी सहाला मी फोन करते, अर्धा तास तुम्ही सांगा, मी वहीत उतरवून घेते. उद्या 'अ'पासून सुरू करू. आई, त्या वेळी त्यांचा चष्मा तेवढा जवळ ठेव.

तुमची,
ताई