ताई, तुम्ही थांबलात त्याबद्दल

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. पण पत्र मात्र सगळ्यांसमोरच लिहायचं होतं. गेल्या आठवड्यात माझी व्हायवा झाली आणि एक्स्टर्नल सरांनी विचारलं, हे बॅकग्राउंडचं, म्हणजे खरा सिग्नल आणि नुसता योगायोग वेगळा ओळखायचं काम तुला कोणी शिकवलं? गळा इतका दाटून आला की धड बोलताच आलं नाही. ते उत्तर आज देतेय.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मला न्यूट्रिनोच घ्यायचे होते, जवळजवळ कशालाही न अडता आरपार जाणारे ते सूक्ष्म कण. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात पुरलेल्या आईसक्यूब या न्यूट्रिनो डिटेक्टरने 2008 ते 2018 असा दहा वर्षांचा डेटा सगळ्या जगाला खुला करून दिलाय, पैसे नाहीत, कुणाची परवानगी नाही, लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की झालं. अडलं ते माणसांपाशी. डिपार्टमेंटमध्ये ऐकवलं गेलं की दक्षिण ध्रुवावरच्या बर्फाशी आपल्याला काय करायचंय, सगळे घेतात तसं थिन फिल्म घे आणि मोकळी हो. बाहेर मोठमोठ्या ठिकाणी मेल केले तर बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही, एकांनी दिलं ते एका ओळीचं, "पेपर वाचा". अहो पेपर वाचूनच तर प्रश्न पडले होते! आणि "आपल्याला काय करायचंय" हे तर मला अजून पचत नाही. 1965 साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, आपल्या मुंबईच्या टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्था) माणसं जपानी आणि ब्रिटिश लोकांबरोबर डिटेक्टर लावून बसली होती आणि वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो जगात अगदी पहिल्यांदा ज्यांनी टिपले त्यांच्यात ती होती. हे आम्हाला वर्गात कुणी सांगितलंच नाही, तुमच्याकडून कळलं.

मेल तुम्हालाही केला होता. तुमचा रिप्लाय आला तेव्हा मी मेसमध्ये होते, ताट तसंच राहिलं. "रविवारी माझी सकाळ म्हणजे तुझी संध्याकाळ, तेव्हा बोलू, प्लॉट तयार ठेव" एवढंच होतं त्यात.

आणि त्या रविवारी, आपलं बोलणं जेमतेम सुरू झालं होतं, मी स्क्रीन शेअर केली होती, आणि लाईट गेली. वायफाय गेलं, मोबाईलला रेंज नाही, मी फोन धरून गच्चीवर पळाले, खाली आले, परत वर गेले, शेवटी पाण्याच्या टाकीपाशी रेंजची एक कांडी मिळाली. बराच वेळ गेला होता. मला वाटलं संपलं, अमेरिकेतला पोस्टडॉक माणूस, रविवारची सकाळ, कशाला थांबेल माझ्यासाठी. लिंक उघडली तर तुम्ही तिथेच होतात. कॅमेरा चालू, हातात चहाचा कप, आणि चॅटमध्ये माझ्या प्लॉटवर ओळीच्या ओळी लिहून ठेवलेल्या, कुठला अक्ष कसा हवा, कुठे रंग बदल, कुठे छान जमलंय. मी सॉरी सॉरी म्हणायला लागले तर म्हणालात, "अगं लाईट गेली असणार हे कळलं मला, आमच्या गावी काय वेगळं असतं का, बस निवांत."

ताई, तुम्ही नंतर जे शिकवलं ते सगळं मोलाचं आहेच, पण मला आधी हे थांबणं आठवतं. माझ्याकडून येण्यासारखं काही नसताना कुणीतरी आपली सकाळ माझ्यासाठी रिकामी ठेवली, हे मला तोवर माहीतच नव्हतं की असं होतं. मोठ्या पदावरची माणसं बिझी असतात हे मान्य, पण तुम्हीही बिझीच होतात की.

मग टाकीला टेकून मी तुमचं ऐकत राहिले. एक घन किलोमीटर बर्फ, त्यात 86 केबलींवर प्रकाश टिपणारे 5160 काचेचे गोळे, दीड ते अडीच किलोमीटर खोल, कारण त्याच्या वरच्या बर्फात हवेचे बुडबुडे असतात आणि प्रकाश विखुरतो, आधीच्या अमांडा प्रयोगाची पहिली खेप त्यानेच वाया गेली होती आणि मग ती माणसं आणखी खोल गेली. वरून, वातावरणात तयार झालेले, सेकंदाला हजारो म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) बरसतात, त्यातून खालून, अख्खी पृथ्वी पार करून आलेला एखादा न्यूट्रिनो बर्फात किंवा खालच्या खडकात धडकतो, त्यातून निघालेला म्युऑन निळ्या प्रकाशाची रेघ ओढत जातो. हे मी वाचलेलं होतं. माझा प्रश्न होता की न्यूट्रिनो कुठून आले त्या आकाशाच्या नकाशात ठिपके दाटलेले दिसले तर ते खरंच एखाद्या दीर्घिकेतून आलेत की वातावरणातलेच योगायोगाने जमलेत, हे ओळखायचं कसं?

तुम्ही म्हणालात, डिटेक्टर पृथ्वीच्या अक्षावर बसलाय, पृथ्वी फिरते तसं आकाश त्याच्याभोवती गोल फिरतं, वर-खाली होत नाही. म्हणजे प्रत्येक घटनेची क्रांती (आकाशातला अक्षांश) तशीच ठेव आणि विषुवांश (आकाशातले रेखांश) पत्त्यासारखे पिस, हजारो वेळा पिस, आणि बघ तेवढी दाटी नुसत्या योगायोगाने कितीदा होते. बॅकग्राउंड बाहेरून आणायचं नाही, डेटातच आहे. मला अक्षरशः काटा आला अंगावर! ध्रुवावर डिटेक्टर असण्याचा असाही फायदा असतो हे एवढं सरळ मला कुणी सांगितलंच नव्हतं.

लॅपटॉप रात्रभर तापला. सकाळी नकाशात तिमिंगल तारकासमूहात, एनजीसी 1068 या दीर्घिकेच्या जवळ, उंचवटा होता. तुमच्या आईसक्यूबच्या लोकांना याच दहा वर्षांत तिथे 2.9 सिग्मा (सिग्मा जितके जास्त, तितकी योगायोगाची शक्यता कमी) मिळाले होते आणि 2022 मध्ये सुधारलेल्या विश्लेषणात ते 4.2 झाले, सुमारे 79 न्यूट्रिनो, 4 कोटी 70 लाख प्रकाशवर्षांवरून. माझ्या साध्या कोडमध्ये एवढं कुठून येणार, पण जागा तीच होती. मी तुम्हाला स्क्रीनशॉट पाठवला, तुम्ही तो तुमच्या ग्रुपमध्ये माझ्या नावानिशी दाखवलात. आईला हे फोनवर सांगितलं तर तिने आधी विचारलं, त्या ताई जेवल्या होत्या का त्या दिवशी.

प्रोजेक्टच्या रिपोर्टची प्रत पाठवलीये, आभाराच्या पानावर नाव टाकलंय, ते काढायला सांगू नका प्लीज.

आणि एक शंका राहिलीये. टीएक्सएस 0506+056 या दूरच्या दीर्घिकेतून 2017 च्या सप्टेंबरात न्यूट्रिनो आला तेव्हा गॅमा किरणांतही ती भडकलेली होती, पण 2014-15 च्या जुन्या डेटात त्याच दिशेने डझनभर जादा न्यूट्रिनो सापडले तेव्हा गॅमा किरणांत काहीच विशेष नव्हतं. न्यूट्रिनो तयार होताना गॅमा पण होणारच ना, मग ते तिथेच शोषले गेले म्हणायचं का? रविवारी वेळ असेल तर सांगा, मी प्लॉट तयार ठेवते.

तुमची,
एमएस्सीवाली