मी जागाच असतो

आंजर्ले

चि. मनूस आशीर्वाद,

एस.टी. वळणाआड गेली तरी मी फाट्यावरच उभा होतो. झोपेचं विचारायचं नाही असं ठरवून लिहायला बसलोय.

त्या रात्री पडवीत तू म्हणालीस, "बाबा, आरतीत टाळ माझ्या हातात होते, पण वाजवणारी मी नव्हतेच." आणि मी म्हणालो, मोबाईल कमी कर. चुकलं माझं. आई मीठ-मोहऱ्या घेऊन उठली. तिने निदान काही तरी केलं.

तू ठेवून गेलेला डॉक्टरांचा कागद चारदा वाचला. डिपर्सनलायझेशन. आपलाच आवाज परका, माणसं काचेपलीकडची, माया आहे हे ठाऊक असून आत काही हलत नाही. हे वेड नव्हे, कारण 'असं नुसतं वाटतंय' हे त्या माणसाला कळत असतं. या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली. साधारण सोळाव्या वर्षी सुरू होतं म्हणे. अकरावीला तू गप्प झालीस, तेव्हा आम्ही 'पोर शहाणी झाली' म्हणत होतो.

३ जून २०२०. निसर्ग वादळ ओसरल्यावर वाडीत गेलो तर पोफळी आडव्या. मी मोजत होतो, आणि मोजणारा दुसराच कुणी होता. कुणाला बोललो नाही. तिसऱ्या रात्री गाढ झोप लागली, सकाळी मी पुन्हा माझ्या जागी. म्हणून झोप झोप करतो गो. थोडा वेळ असं पुष्कळांना होतं. माझं गेलं, तुझं मुक्कामाला राहिलंय, हा फरक उशिरा कळला.

जागरणाने वाढतं, गांजानेही. तसलं काही असेल तर डॉक्टरांना खरं सांग, मला नको. यावर हमखास असं औषध नाही, बोलून करायच्या उपचाराला वेळ लागतो, तेव्हा मध्येच सोडू नकोस, एकही खेप चुकवू नकोस, रात्री अकराच्या आत... बघ, सुरू झालं भाषण. माफ कर. 'आता मी खरी आहे का' हे सारखं तपासलं की ते जास्तच घट्ट होतं, असंही लिहिलंय. मग बापाने रोज फोन करून तपासणं वेगळं कुठे?

एकटीने रांगेत उभं राहून केसपेपर काढलास. मला या वयात जमलं नसतं.

नव्या पोफळींना यंदा पहिल्यांदा फुलोरा आलाय. तू पाच दिवस त्यांच्याखालून हिंडलीस आणि काही विचारलं नाहीस. तेव्हाच कळायला हवं होतं.

कोकम वेगळं बांधलंय, डबा तिरका करू नकोस. फोन कितीही उशिरा कर, मी जागाच असतो.

बाबा